कोरड्या कुंडीचा नाद

सकाळची कोवळी उन्हं गच्चीच्या कठड्यावर टेकली की घरात एक आवाज यायचा. टण्. मातीच्या कुंडीवर बोटाचं पेर आपटल्याचा तो आवाज. त्या स्वच्छ, कोरड्या नादात तुमच्या आजोबांची सारी सकाळ सामावलेली असे. किंचित कलती मान, मिटलेले डोळे आणि तंबोरा जुळल्यावर गवयाच्या मुद्रेवर उमटावी तशी तृप्ती. मुलांनो, फोनच्या पडद्यावर तुम्ही त्यांना नेहमी समोरून, हसताना पाहिलंत; मला मात्र ते आठवतात पाठमोरे, एका रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीपाशी वाकलेले.

कुंडी रिकामी नव्हती. तिच्यात मातीखाली कंदीलपुष्पाचा एक कंद निजलेला होता. पावसाळ्यात त्यातून दोऱ्यासारखी वेल वर येते आणि भाद्रपदात तिला इवल्या आकाशकंदिलासारखी, खाली फुगीर आणि वर जाळीदार कळसाची फुलं लागतात. थंडीत वेल वाळून नाहीशी होते आणि पुढच्या पावसापर्यंत कंद गाढ झोपतो. पन्हाळ्याकडच्या ज्या उतारावर ही वेल उगवायची, तो रस्तारुंदीत खणला गेला. त्याआधी कुणी कुणी हाती लागले तेवढे कंद उचलून आणले, आणि ते जगवायचे कसे हे शिकवणारा एक वर्ग इथे सुरू झाला. आयुष्यभर बँकेत खुर्चीवर बसलेले तुमचे आजोबा निवृत्तीनंतर खांद्याला शबनम अडकवून त्या वर्गात सतरंजीवर जाऊन बसले.

शिकवणारी मुलगी तुमच्या आईच्या वयाची. पहिला कंद यांनी सडवला, निव्वळ मायेने; रोज पाणी घालून. तिने कपाळाला हात लावला. "काका, झोपलेल्या माणसाच्या तोंडात कुणी पाणी ओततं का हो?" सगळा वर्ग खो खो हसला. घरी येऊन ते सांगताना आजोबाही हसले, पण त्या रात्री जेवले नाहीत. दुसरा कंद तळहातावर ठेवताना मात्र ती गंभीर होती. त्या उतारावरचा तेवढा एकच आता उरला होता.

तेव्हापासून त्यांच्या हातांना एक निराळं शहाणपण आलं. कोरडी कुंडी टणकन वाजते, ओली बद्द, हे त्यांचे कान शिकले. शेंग तडकून तिचं रेशमी केसांचं बी वाऱ्यावर उधळू नये म्हणून तिला मलमलीची पिशवी बांधायची असते. ती हलकी गाठ ते माझ्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर गिरवत बसत. पिशव्या मी शिवल्या, सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या. वेल फुलली, दोनदा फुलली, पण शेंग धरेना. सुकलेलं फूल तळहातावर घेऊन ते म्हणत, "या खेपेला हुकली. पुढच्या वर्षी धरेल की. पिशव्या तेवढ्या जपून ठेव."

पुढच्या वर्षीची वाट कंदाने पाहिली, त्यांनी नाही. फाल्गुनातल्या एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं. कोडोलीहून माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, आल्या आणि त्यांनी सगळं घर अंगावर ओढून घेतलं. शेतात जन्म गेलेल्या त्या बाईला दुःख करायलाही हाताशी काम लागतं. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि मी प्रथमच गच्चीवर गेले. नकळत वाकले. कुंडीवर पेर आपटलं.

बद्द.

मागे आक्का उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. "अगं, भेगा पडल्या हुत्या की मातीला! तुमी समदी रडत बसल्यावर झाडांकडं कोन बगनार? मी रोज घालत्ये पानी. भावजींचं झाड मरू दीन व्हय?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि म्हणाले, "बरं केलंत, आक्का."

त्या गेल्यावर माती उकरली. कंद बोटाला लोण्यासारखा लागला. त्या मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही जेवलात का?"

श्रावणात आक्कांचा फोन आला. "उगवलं का न्हाय गं त्ये?"

"झोपलंय अजून," मी म्हणाले.

"उगवल, उगवल. भावजींच्या हातचं हाय त्ये!"

कुंडी मी टाकलेली नाही. पावसात ती वळचणीखाली ओढली, आणि आता माती पुन्हा वाळून तडकली आहे. कठड्यावर उन्हं टेकली की मी पेर आपटते आणि तोच नाद उमटतो, अगदी त्यांच्या वेळचा. निजलेल्या कंदावरची माती आणि नसलेल्या कंदावरची माती सारखीच दिसते, सारखीच वाजते. आत काहीच शिल्लक नाही हे मला ठाऊक आहे. तरी त्या मातीला मी पाणी घालत नाही.