सतरंजीचे दुसरे टोक

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. नरडाण्याजवळच्या एका लहान चर्चमध्ये मी अंथरलेली असते. त्या रविवारी माझ्यावर फक्त नऊ माणसे बसली. मी बाकीच्यांची वाट पाहत होते. मग पाळकसाहेबांनी चर्चच्या मुख्य मंडळाचा कागद वाचला. बाकीची मंडळी चर्चपासून वेगळी झाली होती. ती आता गावातल्या रुपचंदच्या घरी उपासना करणार होती. त्यांच्यापैकी कोणाला इथल्या कब्रस्तानात जागा मिळणार नव्हती. मला ते खरेच वाटेना. आठ दिवसांपूर्वी तीच माणसे माझ्यावर मांडी घालून बसली होती.

धुळ्याच्या हातमागावर मला विणले. वीस हात लांब, निळी-लाल, मधोमध पांढरा पट्टा. पट्ट्याच्या एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. बायांच्या पुढे ताईबाई बसायची. ती अहिराणी भजन सुरू करायची, मग सगळे तिच्यामागे म्हणायचे. उपासना संपली की ती माझे एक टोक धरायची, तिचे यजमान झुलालभाऊ दुसरे. ते डोळे मिटून उभेच राहिले की ती म्हणायची, "डोया उघाडा, प्रार्थना सरनी." मग दोघे मला झटकून घडी घालायचे. नाताळात पाहुणे माझी स्वच्छता बघून तिचे कौतुक करायचे.

गेल्या वर्षी ताईबाई वारली. तिची कबर चर्चच्या मागेच आहे. तिचे टोक तिचा धाकटा भाऊ रुपचंद धरू लागला.

मग मुख्य मंडळाचा हुकूम आला. पुस्तकातलीच गीते म्हणायची, अहिराणी भजने बंद. रुपचंद म्हणाला, बहिणीचे गाणे मी बंद करणार नाही. माझ्यावर बसूनच सगळे भांडले. मला वाटले, मिटेल.

कागद वाचला त्या दुपारी रुपचंद आला. चर्चमध्ये पाय ठेवायचा नाही असे वेगळ्या झालेल्या मंडळींचे ठरले होते. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. झुलालभाऊ माझे एक टोक धरून उभे होते.

"दाजी, तुम्ही बी चाला. अक्कानं गानं आमनाकडे शे."

"गानं तठे गयं," झुलालभाऊ मागच्या कबरीकडे बघत म्हणाले, "पन ती आठेच शे."

रुपचंदने जमिनीवर पडलेल्या माझ्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले आणि तो निघून गेला. पाळकसाहेब ते टोक उचलायला आले, तर झुलालभाऊ म्हणाले, राहू द्या.

मित्रांनो, भांडण झाले तर होऊ द्या. पण हातातले टोक सोडण्याआधी समोर कोण उभे आहे ते एकदा बघा.

पाच रविवार झाले. माझी घडी अजून घातलेली नाही.