पाकोळी उठली नाही

शांतता लांबत चालली होती. सुरुवातीला तिच्यात उत्कंठेची चमक होती. मग ती विटू लागली, आणि आता मागच्या रांगांमधून दबके खोकले आणि खुर्च्यांची करकर ऐकू येऊ लागली. कर्णे वाजवून झालेल्या दोन मुली व्यासपीठाच्या कडेला वाद्ये पोटाशी धरून उभ्या होत्या. मधोमध, जांभळ्या कापडाखाली, यंदाची खुर्ची होती. कवितेची स्पर्धा जिंकणाऱ्याने आपले टोपणनाव पुकारले जाताच सभागृहात जिथे असेल तिथे उभे राहायचे, मग त्याला मिरवत वर आणून त्या खुर्चीवर बसवायचे, असा रिवाज. पाकोळी हे नाव पुकारून झाले होते. पाकोळी उठली नव्हती.

"पुन्हा पुकारा," मुख्याध्यापिका देलिथबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

परीक्षक म्हणून बाहेरगावाहून आलेल्या ग्वेर्विलबाई पुन्हा ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. त्यांच्या मागे, लाकडी तलवार दोन्ही तळहातांवर आडवी पेलून मायरिग प्यू उभा होता. वेल्समधल्या या शाळेत वेल्श भाषा शिकवण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले होते. आणखी थोड्या वेळाने ती तलवार कवीच्या डोक्यावर धरून त्याने सभागृहाला तीनदा विचारायचे होते, "शांतता आहे का?" आणि सगळ्या पोरांनी छप्पर उडेल अशा आवाजात ओरडायचे होते, "शांतता!" आत्ताची ही दुसरीच शांतता कशाची, हे त्या सभागृहात फक्त दोघांना ठाऊक होते. एक तो स्वतः. दुसरी माब्ली, सहाव्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीवर.

तिने मान खाली घातली असती तर त्याला बरे वाटले असते. ती सरळ त्याच्याकडे पाहत होती.

"पाकोळी," ग्वेर्विलबाईंचा आवाज गोड आणि किंचित गोंधळलेला. "कविता उंबरठा. जिच्या शेवटच्या ओळी मी मघाशी मुद्दाम वाचून दाखवल्या. कर्णा वाजेल, आणि पाकोळीने, फक्त पाकोळीने, उभे राहावे."

कर्णे वाजले. मघाशी वाचलेल्या त्या ओळी मायरिगच्या कानात अजून घुमत होत्या. *माणसे गेली, चौकट राहिली. चौकटीत उभी आमची बोली.* वेल्शमध्ये त्यांचे एकेक व्यंजन पुढच्या अर्ध्या ओळीतल्या जोडीदाराला हाक देत होते. जुन्या छंदाचा तो कस होता, आणि वाचताना ग्वेर्विलबाईंचा स्वर दाटून आला होता. पहिल्या रांगेतले शाळेच्या मंडळाचे सदस्यही माना डोलावत होते. त्या ओळी ऐकत असतानाच माब्लीचा चेहरा हळूहळू, दिवा बारीक करत न्यावा तसा, विझत गेलेला त्याने पाहिला होता.

त्या ओळी तिच्या नव्हत्या. त्याच्या होत्या.

तिच्या ओळी स्वयंपाकघराच्या दाराविषयी होत्या. पाटीच्या खाणीतल्या माणसांसाठी बांधलेली या गावातली घरे बुटकी, दारे त्याहून बुटकी. आणि माब्लीचा बाप, टेरी, इंग्लंडातल्या बर्कनहेडहून ट्रक चालवत आलेला आणि माब्लीच्या आईवर, नेरिसवर, जीव जडल्यामुळे इथेच राहिलेला, ताडमाड उंच. रोज डोके आपटायचा. वेल्शचा एक शब्द त्याच्या तोंडात कधी नीट बसला नाही, पण लेक कडीइतकी उंच असल्यापासून ती त्या दारातून आत येताना दर वेळी तो त्याच्या इंग्रजीत म्हणायचा, "डोकं सांभाळ, पोरी." घरातला जुना विनोद. गेल्या शरदात टेरी वारला. हिवाळ्यात माब्लीची उंची एकदम वाढली, आणि एका सकाळी चौकटीचा टोला कपाळाला पहिल्यांदाच बसला. इथपर्यंत कविता वेल्शमध्ये होती. त्यानंतर फक्त बापाचे ते शब्द, जसेच्या तसे, इंग्रजीत. आणि शेवट.

एका रविवारी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मायरिगने ती कविता वाचली आणि बराच वेळ डोळे मिटून बसला. इतकी चांगली कविता या शाळेतून वर्षानुवर्षे आली नव्हती. मग त्याला नियम आठवला: स्पर्धेत एकही शब्द दुसऱ्या भाषेतला चालत नाही. ज्या नियमाच्या तटबंदीमागे ही भाषा तगली, त्याचा अर्थ तोच दर वर्षी वर्गाला समजावून देत असे. ग्वेर्विलबाई नियमाच्या बाबतीत दगड. कविता बाद झाली असती. गेल्या वर्षी एकही कविता पात्र ठरली नव्हती. यंदाही खुर्ची रिकामी राहिली असती, तर मंडळाच्या हाती आयतेच कारण सापडले असते. वेल्शचा वरचा वर्ग बंद करून उरलीसुरली मुले पडद्यावरून दुसऱ्या शाळेच्या वर्गाला जोडून द्यावीत, असा ठराव तयारच होता. माब्ली त्या वर्गाचा कणा होती. तिला खुर्ची मिळाली की वर्ग वाचेल, अशी त्याने मनाशी मांडणी केली, आणि बापाचे शब्द खोडून त्या जागी आपल्या ओळी लिहिल्या. लिहिताना त्या त्याला फार सुंदर वाटल्या. टंकून, पाकिटात घालून, त्यानेच ती कविता पाठवली. माब्लीला सांगायचे होते. मग सुट्ट्या लागल्या, मग तालमी सुरू झाल्या, आणि सांगणे रोज थोडे अधिक अवघड होत गेले.

तिसऱ्यांदा कर्णे वाजून थांबले. देलिथबाई त्याच्याकडे वळल्या. "मायरिग, कोण आहे हे पोर? तुला ठाऊक असेल ना?"

सबंध सभागृह त्याच्याकडे पाहत होते. बोलायला एवढी मोकळी जागा आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. त्याने तलवार काखेत धरली, ध्वनिक्षेपकापाशी गेला आणि म्हणाला, "कवी आज हजर नाही."

जांभळे कापड उचललेच गेले नाही. चौघा मुलांनी खुर्ची तशीच झाकलेली उचलली आणि मागच्या दाराने नेली. देलिथबाईंनी वाद्यवृंदाला खूण केली, राष्ट्रगीत झाले, आणि जेवणाच्या सभागृहातून मटणाच्या रश्श्याचा आणि शिजलेल्या लीकचा वास येऊ लागताच पोरे सगळे विसरून धावली.

"दोन वर्षं!" सुतारकाम शिकवणारा इवोर कॉरिडॉरमध्ये त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "खुर्चीला ॲशच्या झाडाचं अस्सल लाकूड घालतो मी, आणि तुझे कवी गायब. पुढच्या वर्षी स्टूल करतो रे बाबा. त्याच्यावर निदान मी तरी बसेन."

मायरिगने हसण्याचा प्रयत्न केला. इवोर रश्श्याच्या दिशेने गेला, आणि त्याच्या मागून येणारी नेरिस दिसली. वृद्धाश्रमातल्या कामावरून परस्पर आलेली. अंगात अजून तिथलाच निळा गणवेश, छातीवर डॅफोडिलचे फूल टाचलेले. मायरिगने तिलाही शिकवले होते.

"सर," ती थोडी लाजत म्हणाली, "कोण हो ती पाकोळी? फार मोठं लिहिलंय. मला अर्धं कळलं नाही, पण अंगावर काटा आला."

"हो. म्हणजे..."

"आमच्या माब्लीचं काही आलं नाही ना? दुसरी-तिसरी वगैरे?" मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून घाईने, "असू दे, असू दे. तिला नका काही बोलू. तिने एवढं मनाला लावून घेतलं होतं... मला म्हणाली, आई, कामाची पाळी बदलून घे, आज बाबा येणारेत स्टेजवर. वेडी कुठली. मी आपली वाट बघत बसले. त्याचा काही पत्ताच नाही." ती हसली, आणि हसता हसता हाताच्या पाठीने नाक पुसले. "चला, गाडी काढते. ती दप्तर घेऊन येईल म्हणाली."

नेरिस गेली. मायरिग सुतारशाळेकडे वळला, कारण तलवार तिथल्या कपाटात ठेवायची होती.

माब्ली तिथेच होती. झाकलेल्या खुर्चीपासून दूर, कानशीच्या टेबलाला टेकून उभी.

"माब्ली. मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

त्याने तलवार टेबलावर ठेवली. "ती ओळ ठेवली असती तर कविता बाद झाली असती. नियम आहे. तुला ठाऊक आहे."

"मग व्हायची होती बाद."

"आत्ता तुला तसं वाटतंय."

"तेव्हाही वाटलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत, सर." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर त्याला काही उत्तर देता आले असते. "आणि तुमच्या ओळी चांगल्या आहेत. तोच तर वैताग आहे. सगळी व्यंजनं कशी कवायतीला उभी राहिल्यासारखी. टाळ्यासुद्धा मिळाल्या त्यांना."

"मी तुझ्यासाठी..."

"वर्गासाठी," ती म्हणाली. "मला माहितीये ना. सगळ्यांना माहितीये, मंडळाचं काय चाललंय ते. सर, तुम्ही मला सांगितलं असतंत की वर्ग वाचवायचाय, एक दुसरी कविता दे, तर मी रात्रभर बसून दिली असती. डोंगरावर, मेंढ्यांवर, कशावर पण. तुमच्यासाठी दिली असती."

हे त्याच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

"दर सप्टेंबरला," ती पुढे म्हणाली, "तुम्ही नव्या मुलांना वारसा-खोलीत नेता. ती फळी दाखवता. वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात पूर्वी मास्तर अडकवायचे ती. मी अकरा वर्षांची होते तेव्हा. तुमचा आवाज कापत होता, आणि मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, आमचे सर रडले. बाबा म्हणाले, बरोबरच आहे, कोणाच्या तोंडातले शब्द असे काढून घेतात का?" ती थांबली. "इंग्रजीतच म्हणाले. त्यांना तेवढंच येत होतं."

बाहेर पोरांचा गलका रश्श्याच्या रांगेत फुटत होता. मायरिगने काहीतरी आधाराला हवे म्हणून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मी उद्या सकाळी सगळ्या शाळेसमोर सांगतो," तो म्हणाला. "काय केलं ते. माझ्या तोंडाने. आणि तू तुझी कविता वाच, होती तशी. खुर्ची नाही देता येणार, पण..."

"आई उद्या कामावर आहे."

"मग तिच्या सुट्टीच्या दिवशी."

"आज ती इथे होती, सर. गणवेशात. तिला अजून माहीतच नाही की पाकोळी मी आहे. तिने तुमच्या ओळींना टाळ्या वाजवल्या." तिने ओठ आत ओढून घेतले. "आणि मी तिथेच बसले होते. तुमच्याकडे बघत. आणि तुम्ही म्हणालात, कवी हजर नाही."

"माफ कर मला."

तो हे म्हणाला, आणि ते खरे होते. कदाचित त्या दिवसातले त्याचे एकमेव खरे वाक्य. तेवढ्यावर त्याने थांबायला हवे होते. पण माब्ली दप्तर उचलू लागली, आणि त्याला एकाएकी सोमवारचा वर्ग दिसला, खिडकीलगतचे तिचे रिकामे बाक, त्या बाकावर पडलेला खाणीच्या डोंगराचा करडा उजेड; आणि इतक्या वर्षांचे ते भय त्याला आवरण्याआधीच त्याच्या तोंडून बाहेर पडले.

"सोमवारी तासाला येशील ना?"

माब्लीने त्याच्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. अनोळखी गावात रस्ता विचारणाऱ्या माणसाकडे पाहावे, तसे ती पाहत राहिली. मग तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवला, आणि फरशीवरचा लाकडाचा भुसा तुडवत निघून गेली.