वळचणीचे कप

प्रदर्शनासाठी लातुरात हॉल घेतला अन् गावोगावचे कप टांगले. मजुरासाठी वेगळे ठेवलेले कप. कान तुटलेले, तडा गेलेले, घराबाहेर वळचणीला खोचलेले. मजुरानं चहा प्यायचा, आपला कप आपणच विसळायचा, पालथा घालून परत बाहेर ठेवायचा. सगळ्यांना ठाऊक हाय. मी दाखवलं तर लोक म्हणाले, "जुनं कशाला उकरता?" जुनं! एका कपाच्या बुडाशी चहापत्ती अजून ओली होती.

पाहुण्यांना चहा मी ह्याच कपांतून दिला. घासूनपुसून. एका सरांना शुगर निघाली, दुसऱ्यांना उपास. तिसरे समतेवर लई बोलले अन् स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्याले.

त्यांचं मला काही नव्हतं. मला दामिनी पाहिजे होती. अहमदपूरकडच्या आमच्याच गावची, पहिलीपासूनची मैत्रीण. माझी आई, भामाबाई, जन्मभर त्यांच्या शेतात राबली. आईचा कप दामिनीनंच आणून दिला होता. "घे, आमच्यात आता असलं काही न्हाई." तिनं त्यातून एक घोट घेतला तर माझी मैत्रीण. न्हाई तर ह्या हॉलात मी एकटीच.

ती आली. आई उठून उभी राहिली. "बसा अक्का."

"काय गं भामा, बरी हाईस का?" दामिनी म्हणाली. आई तिच्या आईपेक्षा मोठी.

मी आईचा कप भरून पुढं केला. तिनं ओळखला. दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला, फोटो काढून घेतला. "प्रिया, अंगावर काटा आला बघ." मग कप खिडकीत ठेवला.

"चहा घे की."

"चहा सोडलाय गं मी."

ती गेली. फोन वाजला. तिच्या स्टेटसला फोटो : माझी मैत्रीण, मला अभिमान. खिडकीत कप तसाच, काठोकाठ भरलेला.

आईनं तो गार चहा उचलला. "टाकायचा कशाला?" दोन घोटात प्याली. नळावर गेली, कप विसळला अन् दाराबाहेर, उंबऱ्यापल्याड, पालथा घातला.

"आई, अगं माझं प्रदर्शन हाय हे! आत आण तो."

आई थबकली. हात पुढं केला, मागं घेतला. "ऱ्हाऊ दे बाई. तिथंच बरा हाय."

अन् ती कपाशेजारीच बसली, बाहेर. "आत लई उकडतंय," म्हणाली.

आत पंखे चालू होते. टांगलेले कप एकमेकांवर आपटत होते.