तिसऱ्या यंत्राचा कल

मामाचा अंडी उबवण्याचा धंदा होता. लांबलचक शेडमध्ये कपाटाएवढी सहा यंत्रं. तिसरं सगळ्यात जुनं, त्याला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. ते मामाची धाकटी बहीण सांभाळायची. त्यातून पिल्लं कायम कमी निघायची, म्हणून मामाने ते भंगारात काढायचं ठरवलं.

"आणि मी?" बहिणीने विचारलं.

"तू आता आराम कर."

हे तिला फार झोंबलं. घरी येऊन तिने नुसती भांडी आदळली. तिची लेक संख्याशास्त्र शिकवायची. आईचा चेहरा बघून तिने मामाकडून दोन वर्षांची आकडेवारी मागवली आणि कामाला लागली.

प्रत्येक अंड्याचं उत्तर दोनच प्रकारचं: पिल्लू निघालं किंवा नाही. तिने कोंबड्यांचं वय आणि अंडी किती दिवस साठवली ते हिशेबात धरलं. मग एक गणिती मॉडेल बांधून प्रत्येक यंत्राचा आणि अंडी जिथून यायची त्या प्रत्येक फार्मचा यादृच्छिक परिणाम काढला.

"यादृच्छिक म्हणजे नशीबच ना?" मामा हसला.

"नशीब नव्हे रे मामा. बाकी सगळं सारखं असताना एखादं यंत्र सरासरीच्या किती वर किंवा खाली राहतं, तो त्याचा कल. शून्य म्हणजे चारचौघांसारखं."

"मग म्हातारी शून्याच्या किती खाली?"

"वर आहे. सहांत सगळ्यात वर."

"काहीतरीच! टक्केवारी बघ की तिची."

"ती टक्केवारी अंड्यांमुळे पडली. टेकडीपलीकडच्या फार्मचा कल पार खाली आहे, आणि तिथली बहुतेक अंडी तू आईच्याच यंत्रात भरतोस. थोडी दुसऱ्या यंत्रांत गेली, तिथेही तीच रड. यंत्रायंत्रांत फरक थोडाच आहे, खरा फरक फार्माफार्मांत."

"आणि माझं नवं कोरं यंत्र? त्याची टक्केवारी तर झकास!"

"त्यात दोनच खेपा झाल्यात. एवढ्याशा पुराव्यावर मॉडेल हुरळत नाही, त्याचा कल सरासरीकडे ओढून धरतं."

मामाने मान हलवली. "कागदावर सगळं छानच दिसतं."

"मग अंडी मिसळून बघू," दारातून बहीण म्हणाली. "प्रत्येक फार्मची अंडी सगळ्या यंत्रांत सारखी वाटा."

मामाने तशीच अंडी भरली. पुढचे तीन आठवडे तिच्या जिवाला चैन नव्हतं. "चुकलं तर गं?"

"अंदाज आहे, आई. चुकूही शकतो," लेक खरं तेच बोलली.

पिल्लं निघायच्या दिवशी शेडभर चिवचिवाट होता. मामाने एकेक ट्रे स्वतः मोजला. म्हातारी सगळ्यांच्या पुढे होती. टेकडीपलीकडची अंडी मात्र सहाही यंत्रांत बरीचशी मुकीच राहिली होती. मामाने पुन्हा मोजलं. मग फोन काढून फार्मच्या मालकाला म्हणाला, "उद्या येतोय, तुमच्या कोंबड्या बघायला." आणि वळून बहिणीला, "सहाही यंत्रं आता तूच बघायची. मला यातलं काही कळत नाही!"

बहिणीने पिवळ्याधमक पिल्लांचा ट्रे छातीशी धरला आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवून आणला. कामगारांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लेक कोपऱ्यात बसून नवे आकडे भरत होती. मॉडेल पुन्हा चालवून बघायची तिला कोण घाई झाली होती.