डबड्यावरचा लाल टॅग

मित्रांनो, काड्यापेटीएवढा मी एक जुना स्प्लिटर आहे. नाव ऐकून गोंधळू नका. टेलिफोनच्या एकाच तारेतून दोन प्रवासी येतात, संथ आवाज आणि चपळ इंटरनेट. आवाजाला फोनकडे आणि इंटरनेटला मोडेमकडे पाठवायचं, म्हणजे ते एकमेकांच्या पायात येत नाहीत, हे माझं काम. माझ्या अंगावर तीन भोकं आहेत आणि प्रत्येकावर नाव लिहिलंय: लाइन, फोन, मोडेम. पण वाचतो कोण?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी भिलाईच्या एका सेक्टर क्वार्टरात मला भिंतीवर बसवलं. घर तेजरामभाऊंचं. ते स्टील प्लांटात इलेक्ट्रिशियन. सगळे मोडेमच्या हिरव्या दिव्याचं कौतुक करायचे. मला दिवाच नाही. थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा त्यांच्या पत्नी सिंधुताईंना फोन स्वयंपाकघरात हवा झाला. "हे डबडं कायले पायजे? तारेले तार जोडली का झालं," म्हणत तेजरामभाऊंनी मला काढून खिळ्यांच्या डब्यात टाकलं. फोन लागला, इंटरनेटही चाललं. भाऊ खूश.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीची, उन्नतीची, नागपूरच्या कॉलेजसाठी कॉम्प्युटरवरून मुलाखत होती. पहिलाच प्रश्न आला आणि स्वयंपाकघरात फोन खणाणला. गोंदियाहून ललितामावशी सांगत होत्या, त्यांच्या लेकीला, अपेक्षाला, बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलंय. इकडे मोडेमचा दिवा लुकलुकला आणि पडदा गोठला.

"बाबा, लाइन कट गयी. फोन वाजला का नेट जाऊन राहिलं," उन्नती रडवेली झाली.

कॉलेजने फोन करून सांगितलं, वीस मिनिटांनी शेवटची संधी. "मुलाखत होईस्तोवर फोन काढून ठेव," भाऊ म्हणाले. सिंधुताई हलल्या नाहीत. "पोरगी दवाखान्यात हाय. फोन बंद नाही करत मी."

घरात मोबाइल अजून आला नव्हता. भाऊंनी खिळ्यांचा डबा जमिनीवर पालथा केला, मला उचललं आणि पहिल्यांदाच माझी अक्षरं वाचली. "प्लांटात टॅग वाचल्याबिगर कायलेच हात लावत नाही मी. अन् घरी पाहा काय केलं," ते पुटपुटले. तारा पुन्हा माझ्या भोकांत जागच्या जागी आल्या, स्वयंपाकघरात जाणारी फोनची तारही.

मुलाखत ऐन रंगात असताना फोन वाजला. सगळ्यांच्या नजरा मोडेमच्या दिव्याकडे गेल्या. मी मात्र शांत होतो. उन्नती बोलत राहिली, आणि स्वयंपाकघरातून सिंधुताईंचा दबका, हसरा आवाज आला, "पोरगी झाली? बरं झालं माय." दोन्ही बोलणी माझ्या पोटातून गेली, एकमेकांना धक्का न लावता. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. उन्नतीला प्रवेश मिळाला, आणि भाऊंनी माझ्या गळ्यात, प्लांटात 'हात लावू नका' सांगायला यंत्रांवर लावतात तसा, लाल टॅग बांधला.

मागच्या वर्षी फायबर आलं. काचेच्या बारीक तारेतून म्हणे उजेड धावतो. त्याला माझी गरज नाही. जोडणीवाल्याने मला उपटायला हात घातला, तसे खुर्चीतून भाऊ म्हणाले, "पैले टॅग वाच."

त्याने वाचलं, 'विचारल्याशिवाय काढू नये.'

"पर ये तो बंद पडा है, अंकल."

"तरी विचार."

त्याने विचारलं. भाऊ नाही म्हणाले. मी भिंतीवरच राहिलो.

मित्रांनो, तुमच्याही घरी असं एखादं अबोल डबडं असेल. काढायचं तर खुशाल काढा, पण आधी त्याच्यावरची अक्षरं वाचा.