न बदललेलं बफर

बिघाड कशात आहे, हे श्रेया परबला मंगळवारीच कळलं होतं. तरी तिने तो शनिवारपर्यंत तसाच ठेवला.

परळच्या प्रयोगशाळेत ती सोन्याचे कण आकाराप्रमाणे वेगळे करायची. कण इतके बारीक की त्यांचं पाणी सोनेरी नव्हे, लालसर दिसतं. काचेची हातभर लांब नळी, आतली पोकळी जेमतेम केसाएवढी. तिच्यात त्या पाण्याचा थेंबाहून कमी अंश ओढून घ्यायचा, दोन टोकांना वीस हजार व्होल्ट लावायचे आणि वाट पाहायची. लहान कण आधी पोचतात, मोठे मागाहून. पडद्यावर दोन शिखरं उमटतात. या आठवड्यात मात्र दोन्ही मिसळून एकच बसकं टेकाड येत होतं.

कारण साधं होतं. नळीची टोकं ज्या बफर नावाच्या द्रावणात बुडालेली असतात, ते विजेने हळूहळू बिघडतं. पाच नमुने झाले की बदलायचं, हा नियम. सोमवारी ती विसरली. मंगळवारी बाटली हातात घेतली आणि परत ठेवली.

गिरगावचा शंतनू दीड वर्ष याच यंत्रावर तिच्या शेजारी बसत होता. फेब्रुवारीत तो जर्मनीला गेला. जाताना म्हणाला होता, "काही अडलं तर शनिवारी फोन कर." अडलं नाही तर काय करायचं, हे त्याने सांगितलं नव्हतं. म्हणून दर शनिवारी तिचं काहीतरी अडत होतं. सुरुवातीच्या अडचणी खऱ्या होत्या.

दुपारी एक वाजता प्रयोगशाळेतल्याच मनवाताईंनी शेजारच्या टेबलावर डबा उघडला.

"काय गो, आज काय बिघडलं तुझं?"

"शिखरं मिसळतायत."

"आमचीही मिसळतात. आम्ही नाही जर्मनीला फोन लावत." त्या डबा उचलून हसत बाहेर गेल्या. "बोल, बोल. मी जिन्यात बसते."

तिकडे साडेनऊ वाजले होते. शंतनूने लगेच फोन उचलला. श्रेयाने आकडे सांगितले, टेकाडाचं वर्णन केलं.

"बफर कधी बदललंस?"

"सोमवारपासून नाही."

"श्रेया, पाच नमुन्यांनंतर बदलायचं, हे मला तूच शिकवलंस. मी विसरलो म्हणून तीन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी."

आता नवी सबब शोधण्यात अर्थ नव्हता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मंगळवारपासून. फोन करायला काहीतरी हवं होतं. तू डिसेंबरला येणार ना?"

"नाही. मी इथली मुदत दोन वर्षांनी वाढवून घेतलीय."

"कधी ठरलं?"

"जूनमध्ये."

श्रेयाने मनात मोजलं. चौदा शनिवार. चौदाही वेळा त्याने नळी कशी धुवायची, दाब किती ठेवायचा, ते नीट सांगितलं होतं.

"बोलला का नाहीस?"

"तू यंत्राचंच विचारायचीस. आणि..." तो अडखळला. "मी येत नाही म्हटल्यावर तू फोन करणं बंद करशील, असं वाटलं. शनिवारी मी सकाळी कुठे जात नाही, माहितीय? इथली पोरं चिडवतात."

तिला हसू आलं. दोन वर्षं. लालबागला घरी आई रोज एका स्थळाचं नाव काढत होती. ते त्याला सांगावं की नाही, तिला ठरवता येईना.

"श्रेया? आहेस ना?"

"आहे."

"बफर बदल आधी. सोमवारी सर मागतील रिझल्ट."

"बदलते," ती म्हणाली. "पाच मिनिटं लागतात. तू ठेवू नकोस फोन."