पंखाखालचा डाग मोजणारी पट्टी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. पण वहीत समास आखणाऱ्या पट्ट्यांशी माझे नाते जोडू नका, मित्रांनो. मी विमानाच्या पंखाखाली काम केले आहे. पंखाच्या पोटात इंधन भरलेले असते. ते झिरपू लागले, तर किती झिरपते हे मी सांगते, आणि विमान माझ्या शब्दाबाहेर जात नाही. फुशारकी वाटेल, पण खरे आहे.

कारखान्यात माझ्या अंगावर रेघा कोरल्या, तेव्हा मला वाटले, आपण सुताराकडे जाणार. नशिबाने मी विमाने तपासतात त्या हँगरमध्ये आले. तिथली पद्धत अशी: ओला डाग कोरडा पुसायचा, त्यावर लाल भुकटी लावायची आणि अर्धा तास कोणी हात लावायचा नाही. इंधन झिरपले की भुकटी भिजून गडद होते. तो गडद डाग मी मोजायचा. चाळीस मिलिमीटरच्या आत असला तर विमान जाते, नाहीतर थांबते.

आता नवी यंत्रे आली आहेत आणि मी खणात पडून असते. मध्यंतरी कोणीतरी माझ्या टोकाने रंगाचा डबा उघडला आणि माझा कोपरा वाकवला. फार वाईट वाटले. अशा वेळी मी एक सकाळ आठवते आणि माझी मान ताठ होते.

तेव्हा मी ताईच्या खिशात असायचे. ताई तिथली तपासनीस. सगळे हँगर तिला ताईच म्हणायचे. त्या सकाळी तिचा धाकटा भाऊ नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता, आणि नेमका त्याच्याच विमानाखाली डाग दिसला. ताईने तो पुसला, भुकटी लावली आणि कागद आणायला गेली. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, वेळेवर पोचलो नाही तर संपलं सगळं. जरा बघ ना गं!"

अर्ध्या तासाने तिने मला डागाला लावले. सव्वीस! ताईचा चेहरा खुलला. ती सही करणार, तोच म्हातारे मुकादम खाकरले. दिसेल ते पुसायची त्यांना जन्माची खोड.

"ताई, थांबा. तुम्ही नव्हता तेव्हा मी तिथे फडकं मारलं, सवयीनं. लक्षात आलं तशी परत भुकटी लावली आणि गप्प बसलो. दहाच मिनिटं झालीत त्याला."

ताईने पेन खाली ठेवले.

"पुसा. पुन्हा अर्धा तास."

दुसऱ्यांदा मी एकसष्ट दाखवले. विमान थांबले आणि भावाची मुलाखत हुकली. टाकी उघडली, तर आतला जोड उकलत आला होता.

भाऊ आठ दिवस ताईशी बोलला नाही. नवव्या दिवशी तो स्वतःच हँगरमध्ये आला. ताईने त्याला तो जोड दाखवला, दोन्ही आकडे दाखवले.

"मी त्या विमानात असणार होतो, म्हणून घाबरलीस ना?" त्याने विचारले.

"नाही रे. तू होतास, म्हणूनच सोडून द्यावंसं वाटत होतं."

त्याने ताईचा हात धरला. मग म्हणाला, "चल, घरी जाऊ."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पट्ट्यांचे कोपरे जपा. आणि आकडा अगदी मनासारखा आला, तर पुन्हा एकदा मोजा.